गाभोळीचे पाणी

काजरखोलच्या किनाऱ्याला दक्षिणेच्या टोकाशी एक बुटका काळा कातळ आहे. भरतीला तो पाण्याखाली जातो आणि ओहोटीला गुडघाभर वर येतो. त्याच्या माथ्यावर समुद्राच्या बाजूला दोन लांबट खळगे आहेत, एकमेकांना लागून, एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला उथळ. ओहोटी लागली की त्यांत पाणी राहते. वैशाखात वाळूवर अनवाणी उभे राहवत नाही, आजूबाजूच्या कातळांवरची डबकी तापून कोमट होतात, तेव्हाही या दोन खळग्यांतले पाणी गार असते. निरनिराळ्या महिन्यांत हात घालून पाहिला तरी फरक जाणवतो. तो कशाने आहे ते कोणी सांगू शकत नाही. गावात या कातळाला देवकूचा कातळ म्हणतात.

गावातले नारबा सारंग ऐंशीच्या घरात आहेत. किनाऱ्यावर पाहुणे आले की ते काठी टेकत खाली येतात. रापण ओढून ओढून त्यांचे तळहात असे झाले आहेत की चहाचा गरम पेला ते रुमाल न घेता धरतात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडीतून ते अर्धगोलात टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर गावातली बायामाणसे मिळून वाळूवर ओढतात. मे महिन्यात कोल्हापूरकडची एक मंडळी आली होती, त्यांतल्या एका बाईंनी खळग्यात बोट बुडवले आणि चटकन मागे घेतले.

"हात घालून बघा, बाय," नारबा म्हणाले. "फ्रिजातला न्हय ता, देवकूचा आसा. पाय मात्र ठेव नका. गावातली माणसा थंय पाय ठेवणत नाय."

"का? पाप लागतं?"

"पाप न्हय. थंड लागता," नारबा म्हणाले, आणि स्वतःच हसले. मग माडांच्या सावलीला बसून त्यांनी जे सांगितले ते असे.

फार पूर्वी, या किनाऱ्यावर माडसुद्धा विरळ होते तेव्हा, काजरखोलच्या खोलात, म्हणजे किनाऱ्याच्या या बाकातल्या पाण्यात, पेडवे येत. पेडवे म्हणजे बोटभर लांबीचे चंदेरी मासे, गरिबाचे मासे. मोठ्या माशाला बाजार असतो, पेडव्याला चूल असते. ते इथे खायला येत नसत, वीण घालायला येत असत, असे सांगतात. आणि वाटेल तेव्हा येत नसत. पाऊस जोराने लागला, वारा समुद्राकडून फिरून किनाऱ्याला घासत वाहू लागला, की वरचे तापलेले पाणी बाहेर ओढले जाई आणि तळाचे पाणी वर येई. ते पाणी गार असे, इतके की गुडघाभर उभे राहिले तर घोटे दुखत. दोन-चार दिवसांत त्याचा रंग हिरवट होई, पेजेसारखे ते दाट होई, आणि वाळूवर पिवळसर फेस सुटे. मग पेडवे येत. त्या दाट पाण्यात खाऊन त्यांची पोटे गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरत. तिथेच ते गाभोळी सोडत, आणि पिल्लांना डोळे फुटले की खायला समोरच वाढून ठेवलेले असे. पुढे वारा पडे, पाणी निवळे, पुन्हा उबदार होई. तोवर मासा रिकामा झालेला असे. मग त्याला धरायला हरकत नसे.

गावात याला दोनच शब्द होते. गार हिरवट पाणी आले की 'पाणी धरले' म्हणत. निवळून उबदार झाले की 'पाणी सुटले' म्हणत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि रापण टाकायची, ही रीत सगळ्या किनाऱ्याची. बहुतेक वर्षी पौर्णिमा येईतो पाणी सुटलेले असे, त्यामुळे वेगळे काही पाहावे लागत नसे. तरीही रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, नारळ वाहण्याआधी कोणालातरी पाण्याचे विचारी. त्या काळी धाकू तांडेल होता, आणि तो विचारायचा ते देवकूला.

देवकू विधवा होती. कातळाला चिकटलेली कालवे, म्हणजे शिंपले, काढून पोट भरायची. ओहोटीला कातळावर बसून दगडाने कालवे फोडायची, पाय पाण्यात सोडून. बारा महिने पाय पाण्यात, त्यामुळे तिला पाणी कळे, असे सांगतात. बाया तिला चिडवत, "देवकू, तुझ्या पायांका जीभ आसा काय गो?" ती म्हणे, "आसा तर! तुमच्या तोंडातल्या जिभेपेक्षा कमी बोलता इतकाच." धाकू तांडेल विचारी, "काय गो, पाणी काय म्हणता?" ती पाय बुडवून क्षणभर थांबे, आणि "धरलेला आसा" किंवा "सुटला" इतकेच सांगे. तिच्यावर कोणी देवत्व लादले नव्हते. तिचे आजवर चुकले नव्हते, एवढेच.

तिला एकच लेक होती, मानकू. खाडीपलीकडे भरडवाडीत दिली होती. सासरची माणसे शेतीवाली, फार मोठी नव्हेत, पण घरात भाताची कणगी असणारी. मानकूला दिवस गेले, नववा महिना लागला, आणि देवकू तिला पहिल्या बाळंतपणासाठी आणायला खाडी उतरून गेली. त्या वर्षी मृग कोरडा गेला होता. आर्द्राही कोरडीच चालली होती. खाडीत पाणी इतके खाली गेले होते की तरीवाल्याला होडी ढकलत न्यावी लागे.

मानकूची सासू म्हणाली, "विहीणबाय, औंदा हयच ऱ्हवांदे तिका. पावसाचा काय खरा नाय. हय कणगीत भात आसा."

यात टोमणा नव्हता, असे सांगतात. पण देवकूला तो लागला. ती म्हणाली, "माझी एकच लेक. पयला बाळंतपण आवशीच्या दारातच होतला. माझा दार काय मोडला नाय अजून."

सासूने मग अडवले नाही. रीतच तशी होती, अडवणार कोण? मानकू आईबरोबर काजरखोलला आली.

इथे येऊन नारबा थांबतात आणि सांगतात की त्या वर्षाचा हिशेब नीट ध्यानात ठेवायला हवा. पाऊस आला तो आषाढ सरत आल्यावर, आणि आला तो एकदम. रोपे आधीच करपली होती, जी राहिली ती वाहून गेली. खाडी दुथडी भरली आणि तरीची होडी बंद पडली. उन्हाळ्यात वाळवलेली मासळी तोवर संपली होती, नाचणी संपली होती, लोक रानातली कंदमुळे उकडून खात होते. आणि पुढच्या वर्षी अधिक महिना होता. अधिक महिन्याच्या आदल्या वर्षी सगळे सण लवकर येतात. म्हणजे पाऊस मागे पडला होता आणि नारळी पौर्णिमा पुढे आली होती. तिथी चंद्रावर चालते. समुद्राला तिथी माहीत नसते, त्याला वारा माहीत असतो. गार पाणी नुकते कुठे वर आले होते. पेडवे नुकते कुठे खोलात शिरत होते.

मानकू पौर्णिमेच्या थोडे आधी बाळंत झाली. मुलगा झाला. तिच्या अंगावर दूध उतरले नाही. जे उतरले ते बाळाच्या ओठाला लागेल इतकेच. शेजारच्या शेळीचे दूध काही दिवस मिळाले, मग शेळीही आटली, तिलाही चारा नव्हताच. देवकूने कातळावरची कालवे नखाएवढी होती तीही खरवडून आणली होती. बाळंतिणीला कालवे उष्ण पडतात म्हणतात, पण दुसरे काही नव्हते. पेजेत तांदूळ शोधावा लागे. बाळाचे बारसे व्हायचे होते. ते रडायचे थांबले होते. शेजारणी आधी म्हणत, काय गुणाचे पोर आहे, आवाज म्हणून नाही. नंतर त्या म्हणेनाशा झाल्या.

पौर्णिमेला सगळा गाव किनाऱ्यावर आला. नारळाला सोन्याचे पान लावायची ऐपत नव्हती, हळदकुंकू लावून तो पाण्यात सोडला. रापणीची होडी वाळूवरून पुढे आणून ठेवली होती. खोलात पेडव्यांचे काळे ढग दिसत होते, वरून बगळे आणि घारी फिरत होत्या. पोरे बोटे दाखवून ओरडत होती. अशा वेळी तांडेलाने विचारले.

"देवकू, सांग गो. पाणी सुटला?"

देवकू या कातळावर आली आणि तिने दोन्ही पाय पाण्यात सोडले. पाणी गार होते. घोट्याला कळ लागली आणि ती गुडघ्यापर्यंत चढली, असे सांगतात. पाणी धरलेले होते, नुकतेच धरलेले. सुटायला अजून बरेच दिवस होते, कदाचित महिनाही. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. माणसे वाट पाहत होती. तिचे घर कातळाच्या वरच, त्या चढावर होते. एरवी बाळ रडले तर तिथून ऐकू येत असे. तिने कान दिला आणि काहीच ऐकू आले नाही.

"सुटला," देवकू म्हणाली.

होडी ढकलली. जाळे पडले. दोन्ही दोरांना गाव लागला, म्हातारी माणसे, पोरे, ओल्या लुगड्यांच्या बाया, सगळी. जाळे इतके जड आले की दोर पायाखालच्या वाळूत रुतत होते. जाळ्याचे पोट वाळूवर आले तेव्हा त्यातून दुधासारखे पांढरट पाणी वाहत होते. एका म्हाताऱ्याने मूठभर पेडवे उचलले, अंगठ्याने पोट दाबले, आणि गाभोळी बाहेर आली.

"सगळो मासो भरलेलो आसा रे," तो म्हणाला.

"बरा झाला, काका," एक तरुण दोर सोडत म्हणाला. "एका माशात दोन मासे!"

माणसे हसली. कितीतरी दिवसांनी हसली. गाभोळीने वाळू इतकी बुळबुळीत झाली होती की पोरे तिच्यावर घसरगुंडी खेळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रापण टाकली, तिसऱ्या दिवशीही. दाट हिरव्या पाण्यात मासा आंधळ्यासारखा जाळ्यात येत होता. तो तिथून हलत नव्हता. त्याला गाभोळी सोडायला ती एकच जागा ठाऊक होती. खोल रिकामे होईपर्यंत ओढत राहिले. उरलेले पेडवे वाळवायला पसरले, पण ऊन नव्हते. बरेचसे कुजले आणि माडांच्या बुंध्यांत घातले.

मानकूने पहिल्याच दिवशी पेडव्यांचे पातळ कालवण आणि गाभोळी खाल्ली. देवकूने स्वतःच्या हाताने भरवली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला दूध उतरले. बाळ प्यायले आणि मग रडले, मोठ्याने, वाडीभर ऐकू जाईल असे. देवकू तेव्हा चुलीशी होती. ती रडली नाही की हसली नाही, चुलीतले लाकूड पुढे सारत राहिली, असे सांगतात. खाडी उतरली तशी मानकू मुलाला घेऊन भरडवाडीला गेली.

इथे कोल्हापूरच्या बाईंनी विचारले, "पण दोर ओढायला तर सगळेच पाण्यात उतरले असतील ना? मग पाणी गार आहे हे सगळ्यांनाच कळलं असेल की!"



"कळला असतला," नारबा म्हणाले. "धाकू तांडेल तर नारळ सोडूक छातीभर पाण्यात गेलेलो. पण बाय, भूक सगळ्यांच्याच घराक होती. आणि सांगणारी एकटीच होती."

पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला. वारा जसा हवा तसा फिरला. पाणी धरले, हिरवे झाले, दाट झाले, पिवळा फेस वाळूवर आला. बगळे येऊन कातळांवर बसले. पेडवे आले नाहीत. बगळे काही दिवस बसून राहिले आणि उडून गेले. हिरवे पाणी कोणी न खाता तसेच राहिले, मग त्याला वास सुटला आणि ते तांबूस होऊन निवळले. त्याच्या पुढच्या वर्षीही तसेच झाले. पेडवा जिथे जन्मतो तिथेच वीण घालायला परत येतो, असे जुनी माणसे सांगत. त्या वर्षी तिथे कोणी जन्मलेच नव्हते, तर परत कोण येणार? पेडवे नाहीत म्हणून त्यांच्या मागे येणारे मोठे मासेही किनाऱ्याला लागेनात. रापण ओढावी आणि शेवाळ, काटक्या, एखादा खेकडा घेऊन वर यावी.

गाव मोडायला लागला. काही घरे खाडीपलीकडे मजुरीला गेली, काही दक्षिणेला गोव्याच्या बाजूला. म्हातारी माणसे मागे राहिली आणि एकेक करून गेली. धाकू तांडेलाच्या घरी दोन मुले तापाने गेली; ताप निमित्ताला, अंगात काही नव्हतेच. ज्या दिवशी दुसऱ्या मुलाला पुरून माणसे परतली, त्या दिवशी धाकूची बायको देवकूच्या दारात येऊन उभी राहिली. मागे आणखी माणसे होती.

"तूच सांगितलंस मां, पाणी सुटला म्हणान?"

देवकू उंबऱ्यावर होती. त्या गर्दीत धाकू होता, एका माशात दोन मासे म्हणणारा होता, गाभोळीवर घसरणाऱ्या पोरांचे आईबाप होते. ज्यांचे पाय त्या दिवशी गार पाण्यात उभे होते, ते सगळे होते. तिने एकेकाच्या पायांकडे पाहिले, असे सांगतात. मग म्हणाली, "होय. मीच सांगितलंय."

 त्या माणसांना त्यापुढे काही विचारायचे नव्हते. जो तो आपापल्या घरी गेला. तिला मारले नाही की गावाबाहेर काढले नाही, पण पुन्हा कोणी तिला चिडवले नाही, आणि पाण्याचेही कोणी विचारले नाही.

त्या पावसाळ्यात देवकूने नवस केला, म्हणे. या खोलातला मासा तोंडात घालणार नाही, आणि पेडवे परत येईपर्यंत रोज ओहोटीला कातळावर उभी राहून पाणी पाहीन. ती बसत नसे, उभी राहत असे. पाणी धरले की 'धरला' म्हणे, सुटले की 'सुटला' म्हणे, मोठ्याने, समुद्राकडे तोंड करून. ऐकायला कोणी नसे. रापण वाळूवर पडून कुजली होती.

काही वर्षांनी मानकू तिला न्यायला आली. बरोबर तो मुलगा होता, आता पळता येणारा. पोटात दुसरे होते. "आये, चल माझ्यावांगडा," ती म्हणाली. "थंय भात आसा. सासूच म्हणता, घेवन ये."

देवकूने नातवाच्या तोंडावरून हात फिरवला. त्याला खाली वाळूवर खेळायला जाऊ दिले नाही. मग लेकीला म्हणाली, "तू परत हय येव नको. तुझ्या लेकींकय सांगान ठेव. पोटुशी लेक ह्या गावात येवची नाय. पयल्या खेपेक तर नायच नाय."

"कित्याक गो, आये? माझ्यावर रागावलंस?"

"तुझ्यावर कित्याक रागावतलंय," देवकू म्हणाली. "घरात लेक उपाशी असली तर माझ्या पायांका पाणी कळणा नाय."

मानकूला ते समजले की नाही, कोण जाणे. ती तरीची होडी पकडून संध्याकाळच्या आत परत गेली. देवकू तिला पोचवायला खाडीपर्यंतही गेली नाही, कारण ओहोटी लागली होती आणि कातळ उघडा पडला होता.

देवकूच्या हयातीत पेडवे आले नाहीत. एका पावसाळ्यात ती कातळावर दिसली नाही. लाटेने नेली, की घरी मेली आणि उरलेल्या दोघाचौघांनी समुद्रात सोडली, यावर दोन मते आहेत. ओहोटीला लोकांनी पाहिले तर ती जिथे उभी राहत असे तिथे हे दोन खळगे पडलेले होते आणि त्यांत गार पाणी होते. म्हणे ते त्याच दिवशीचे पाणी आहे, नारळी पौर्णिमेचे. भरती रोज त्यावरून जाते पण ते बदलत नाही.

पेडवे परत आले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, भुकेने गेलेल्यांची नावे ज्यांना ठेवली ती नातवंडे म्हातारी झाली तेव्हा. आले तेही थोडे, आणि पहिल्यासारखे कधीच नाहीत. गाव पुन्हा वसला. तेव्हापासून गावाने नेम केला की पाणी पाहायचे ते जिला मागेपुढे कोणी नाही अशा बाईने. तिच्या घरात तिच्याशिवाय तोंड नको. तिने 'सुटले' म्हटल्याशिवाय, पौर्णिमा येऊन गेली तरी, खोलात रापण पडायची नाही. आणि त्या बाईने पेडवा खायचा नाही.

आता ते काम चंपाकाकीकडे आहे. नवरा नाही, मूलबाळ नाही, भाऊ होता तो गेला. पावसाळाभर ती रोज ओहोटीला कातळाशेजारी, खळग्यांना न शिवता, पाण्यात पाय सोडून बसते. अलीकडे बरीच वर्षे ती घरी येते आणि काही बोलत नाही. कोणी विचारले तर म्हणते, पाणी धरलेलेच नसेल तर सुटले कसे म्हणू? वारा फिरतो तो भलत्याच वेळी. पाणी पावसाळाभर कोमटच राहते, आणि एखाद्या वर्षी माघात अचानक गार होते तेव्हा त्यात काहीच नसते. एकदा ते इतके दाट आणि कुजके वर आले की तळाची मांदेली मरून वाळूवर थर लागला. पेडवे कुठे वीण घालतात ते आता कोणाला माहीत नाही. कोणी म्हणते दक्षिणेला, कोणी म्हणते बाहेर खोल पाण्यात, जिथे मोठ्या बोटी दिवे लावून उभ्या असतात. कोणी म्हणते घालतच नाहीत.

"म्हणजे या वेळी तर कोणी खोटं सांगितलं नाही," कोल्हापूरच्या बाई म्हणाल्या.

"नाय," नारबा म्हणाले. "ह्या खेपेक आमचो काय एक गुन्हो नाय. असतो तर बरा झाला असता. नवस तरी करूक मिळालो असतो."

मंडळी उठली. ऊन चढले होते. वर जाताना बाईंनी विचारले, घरी कोण कोण असते. नारबा म्हणाले, मुलगा आणि सून. मोठी नात चिपळूणला दिली आहे, आठवा महिना आहे, पहिलीच वेळ.

"मग आणणार असाल आता."

"तिचो फोन इलो काल. येव काय म्हणता." नारबा चढावर दम घ्यायला थांबले. "दवाखानो आता जवळ आसा. खोलीत पंखो लावलो. तांदळाची पोती भरलेली आसत, रेशनचा वेगळा. सगळा आसा. मासोच नाय, तर खोटा तरी कसला सांगतलंव? तिका मी ह्या सगळा सांगलंय."

"मग?"

"मग काय. तरी येव नको म्हटलंय."

आजही काजरखोलच्या लेकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत नाहीत. आई मुलीच्या सासरी जाते, डिंकाचे लाडू घेऊन, आणि तिथे पाहुण्यासारखी राहते. गावातल्या सुना रीतीप्रमाणे आपापल्या माहेरी जातात, त्यांना कोणी अडवत नाही. त्यामुळे काजरखोलमध्ये कोणाचेच पहिले मूल जन्मत नाही.